विश्लेषण : फुटबॉलमधला ‘पास’ रांगेत उभे राहून का शिकता येत नाही?

संध्याकाळच्या फुटबॉल वर्गांत मुले खेळतात कमी आणि रांगेत उभी राहतात जास्त. चेंडू अचूक पास करणे आणि तो आपल्या संघाकडे राखणे ही कौशल्ये छोट्या जागेत, थोड्या खेळाडूंमध्ये आणि समोर प्रतिस्पर्धी असतानाच पक्की होतात, हे अनेक देशांनी मान्य करून बालफुटबॉलचे नियमच बदलले. आपल्याकडे सराव अजूनही कोन, शिट्टी आणि रांग यांच्याभोवती फिरतो. तो का बदलायला हवा आणि कसा बदलता येईल?

रांगेचा हिशेब काय सांगतो?

महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत मुलांच्या फुटबॉल वर्गाचे चित्र साधारण सारखेच दिसते. मैदानाला दोन फेऱ्या, थोडे स्ट्रेचिंग, मग कोनांमधून वळणे घेत चेंडू नेणे. त्यानंतर एका रांगेतून पुढे येऊन प्रशिक्षकाला पास द्यायचा, परत आलेला चेंडू गोलमध्ये मारायचा आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहायचे. शेवटची पंधरा-वीस मिनिटे ‘मॅच’. तिच्यात अकरा-अकरा, कधी चौदा-चौदा मुले मोठ्या मैदानावर सोडली जातात. चेंडूमागे एक घोळका धावतो आणि घोळक्याबाहेरची मुले कमरेवर हात ठेवून उभी राहतात.

या सरावाचा साधा हिशेब मांडून पाहावा. रांगेत २० मुले आहेत आणि प्रत्येकाला १५ सेकंद लागतात असे धरले, तर एका मुलाची पाळी पाच मिनिटांनी येते. वीस मिनिटांच्या सरावात त्याच्या वाट्याला चार पास येतात. उरलेला वेळ पुढच्याच्या पाठीकडे बघण्यात जातो.

आता तीच २० मुले पाच-पाचच्या चार गटांत विभागली. प्रत्येक गटात चौघे चौकोनाच्या चार बाजूंना आणि एक जण मध्ये, चेंडू हिसकावायला. चेंडू बाहेर जाणे, तो आणणे, पाळी बदलणे यांत निम्मा वेळ गेला असे मानले, तरी खेळाची दहा मिनिटे उरतात. दर तीन सेकंदांना एक पास धरला तर गटात २०० पास होतात, म्हणजे प्रत्येकाचे सुमारे ४०. चारच्या जागी चाळीस. शिवाय यातला प्रत्येक पास कोणीतरी चेंडू हिरावायला येत असताना दिलेला असतो. त्यामुळे फरक केवळ संख्येचा राहत नाही. रांगेतला पास आणि खेळातला पास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पास ही पायाची गोष्ट की डोक्याची?

पायाच्या आतल्या बाजूने चेंडू सरळ ढकलणे ही क्रिया दहा वर्षांचे मूल काही आठवड्यांत शिकते. तरीही सामन्यात तेच मूल चेंडू आला की गडबडते आणि तो कुठेतरी लांब भिरकावते. याचे कारण पायात शोधून सापडत नाही. चेंडू कधी द्यायचा, कोणाला द्यायचा, किती जोरात द्यायचा आणि मुळात द्यायचा की स्वतः घेऊन जायचा, हे ठरवण्याची सवय त्याला कधी लागलेलीच नसते. रांगेत हे सारे निर्णय प्रशिक्षकाने आधीच घेऊन टाकलेले असतात.

चांगल्या पासची सुरुवात चेंडू पायाशी येण्याआधीच होते. खेळाडू मान वळवून आजूबाजूला पाहतो. नॉर्वेचे क्रीडा मानसशास्त्रज्ञ गायर यॉर्डेट यांनी इंग्लिश प्रीमियर लीगमधील खेळाडूंच्या चित्रफितींचा अभ्यास केला. चेंडू मिळण्यापूर्वी जे खेळाडू अधिक वेळा आजूबाजूला नजर टाकतात, त्यांचे पास अधिक यशस्वी ठरतात, असे त्यात दिसले. त्यानंतर येते अंगाची ठेवण. चेंडूकडे सरळ तोंड करून उभे राहिले तर मागचे काहीच दिसत नाही. अर्धे वळून उभे राहिले तर निम्मे मैदान नजरेत येते. मग पहिला स्पर्श. तो चेंडू जागीच अडवतो की मोकळ्या बाजूला नेतो, यावर पुढचा पास अवलंबून असतो. शेवटी, पास दिल्यावर थांबायचे की पुन्हा मोकळ्या जागेत जायचे, हाही निर्णयच.

या प्रत्येक गोष्टीला अर्थ येतो तो प्रतिस्पर्ध्यामुळे. मागे कोणीच नसेल तर मान कशाला वळवायची? कोणी हिसकावणार नसेल तर पहिला स्पर्श कुठेही गेला तरी काय बिघडते? प्रशिक्षक कितीही ओरडला तरी कोनासमोर मूल मान वर करत नाही, कारण कोन कधी चेंडू हिसकावत नाही.

याचा अर्थ तंत्राचा वेगळा सराव निरुपयोगी ठरतो असे नाही. नवख्या मुलाला पास कसा मारायचा हे दाखवावेच लागते. दोघांत एक चेंडू देऊन पाच-सात मिनिटे समोरासमोर पास करायला लावणे योग्यच. घराजवळची भिंत तर सर्वात स्वस्त प्रशिक्षक. दिला तसा चेंडू परत देते आणि कंटाळत नाही. आक्षेप आहे तो सराव तिथेच संपण्याला.

‘स्मॉल-सायडेड’ खेळ म्हणजे नेमके काय?

अकराऐवजी दोन, तीन, चार किंवा पाच खेळाडूंचे संघ करून छोट्या मैदानावर खेळवलेले सामने म्हणजे स्मॉल-सायडेड खेळ. दोन्ही बाजू समान असू शकतात किंवा मुद्दाम असमान ठेवल्या जातात. चारास दोन, तीनास एक, अशा खेळात चेंडूवाल्या बाजूला एक-दोन माणसे जास्त मिळतात आणि ताबा राखणे शिकणाऱ्याला जमू लागते.

इथे जागेचे गणित महत्त्वाचे. आंतरराष्ट्रीय सामन्यांचे मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. बावीस खेळाडूंत वाटले तर एका खेळाडूच्या वाट्याला सुमारे ३२५ चौरस मीटर येतात. तीस बाय वीस मीटरच्या चौकटीत चारास चार खेळवले तर हा वाटा ७५ चौरस मीटर होतो. दहा बाय दहाच्या चौकोनात चारास दोन खेळवले तर जेमतेम १७. जागा जितकी कमी, तितका विचाराला वेळ कमी. खेळाडू जितके कमी, तितका प्रत्येकाचा चेंडूशी संबंध जास्त. छोट्या खेळात लपता येत नाही. अकरांच्या सामन्यात एखादे मूल तासभर चेंडूला न शिवताही घरी जाऊ शकते. तीनास तीनमध्ये ते शक्यच नसते.

हे सूत्र आता देशोदेशीच्या नियमांतही उतरले आहे. जर्मनीत २०२४-२५ च्या हंगामापासून सात वर्षांखालील मुले दोनास दोन किंवा तीनास तीन खेळतात आणि मैदानावर चार छोटे गोल असतात. नऊ वर्षांखालील गटात तीनास तीन किंवा पाचास पाच, अकरा वर्षांखालील गटात पाचास पाच किंवा सातास सात असा क्रम आहे. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०१२ मध्ये सुधारणा मंजूर केल्या आणि पाचास पाच, सातास सात, नवास नऊ अशा पायऱ्या आखल्या. त्यानुसार अकरास अकरा सामना तेरा वर्षांखालील गटापासून सुरू होऊ लागला. अमेरिकेतही चारास चार, सातास सात, नवास नऊ अशीच वाटचाल आहे.

बेल्जियमचे उदाहरण नेहमी दिले जाते. २००० च्या युरो स्पर्धेत सहयजमान असूनही हा संघ साखळीतच गारद झाला. त्यानंतर मिशेल साब्लोन यांच्या पुढाकाराने तेथे मुलांसाठी दोनास दोन, पाचास पाच आणि आठास आठ अशी रचना आणली गेली. २०१८ च्या विश्वचषकात बेल्जियम तिसरा आला. त्याचे सारे श्रेय एका बदलाला देता येणार नाही, पण सव्वा कोटीही लोकसंख्या नसलेल्या देशाने हा बदल विचारपूर्वक केला, हे खरे.

‘रोंडो’ कुठून आला?

मध्ये एक-दोघे आणि भोवती गोलात चार-पाच जण, अशा सरावाला स्पॅनिशमध्ये रोंडो म्हणतात. मधल्याला चकवत चेंडू इकडून तिकडे करण्याचा खेळ आपल्या गल्लीतही मुले हातांनी खेळतात; हा त्याचाच पायांनी खेळायचा भाऊ. बार्सिलोना क्लबच्या युवा विभागात १९७० च्या दशकात लॉरेआनो रुईझ यांनी तो रुजवला, असे मानले जाते. पुढे योहान क्रायफ १९८८ ते १९९६ या काळात तेथे प्रशिक्षक होते आणि त्यांनी तो क्लबच्या खेळाचा कणाच बनवला. ‘ला मासिया’ ही क्लबची निवासी प्रबोधिनी १९७९ पासूनची. २०१० च्या विश्वचषक अंतिम सामन्यात स्पेनच्या पहिल्या अकरा खेळाडूंपैकी पिके, पुयोल, बुस्केट्स, झावी, इनिएस्ता आणि पेद्रो हे सहा जण बार्सिलोनाच्या युवा विभागातून आलेले होते.

रोंडोत नेमके काय शिकवले जाते? चेंडूवाल्याला डावीकडे, उजवीकडे आणि शक्यतो समोर, असे तीन पर्याय सतत उपलब्ध ठेवणे. बचाव करणाऱ्याच्या सावलीत उभे न राहणे. दोन बचावपटूंच्या फटीतून पास काढता येईल तो क्षण ओळखणे. आणि चेंडू गेला की पुढच्याच क्षणी तो परत मिळवायला धावणे.

मात्र आपल्याकडे रोंडो आला तो बहुधा चित्रफितींतून, आणि येताना निम्माच आला. अनेक ठिकाणी तो सरावाआधीची गंमत बनला आहे. भोवतालची मुले पाय रोवून उभी असतात, मधला कंटाळून अर्धवट धावतो आणि पास पायातून गेला की हशा पिकतो. गंमत वाईट नाही. पण भोवतालचे खेळाडू हलत नसतील आणि मधला जीव तोडून धावत नसेल, तर रोंडो ही गोल आकारात मांडलेली रांगच ठरते.

एका तासाचा सराव कसा आखावा?

समजा दहा ते बारा वयाची १६ मुले-मुली आहेत, दोन प्रशिक्षक किंवा एक प्रशिक्षक आणि एक मोठा खेळाडू आहे, आठ चेंडू आहेत आणि जागा अर्ध्या मैदानाहून कमी आहे. एवढ्यावर तासभराचा सराव सहज उभा राहतो.

पहिली दहा मिनिटे जोड्यांनी पास. पण जागेवर उभे राहून नव्हे. सगळ्या जोड्या एकाच चौकटीत फिरत, एकमेकांना चुकवत. त्यामुळे मान आपोआप वर राहते.

पुढची पंधरा मिनिटे चारचे चार गट. आठ बाय आठ मीटरच्या चौकोनात तीनास एक. बाहेरच्या तिघांनी चारही बाजू सांभाळायच्या, म्हणजे प्रत्येक पासनंतर कोणाला तरी मोकळ्या बाजूला सरकावेच लागते. मधल्याने चेंडू मिळवला की ज्याचा पास चुकला तो मध्ये. सहज जमू लागले की चौकोन एक-एक पावलाने लहान करायचा. वारंवार चेंडू जात असेल तर मोठा करायचा.

त्यानंतरची पंधरा मिनिटे दोन मैदाने, प्रत्येकी तीनास तीन आणि दोन तटस्थ खेळाडू. हे तटस्थ दोघे वेगळ्या रंगाचे बिब घालून ज्या संघाकडे चेंडू असेल त्याच्या बाजूने खेळतात. म्हणजे ताबा असलेल्या संघाला पाचास तीनचा फायदा मिळतो आणि चेंडू गेला की क्षणात सारे उलटते. ताबा राखणे आणि तो परत मिळवणे ही एकाच नाण्याची दोन बाजू आहेत, हे इथे भाषणाविना कळते.

उरलेली वीस मिनिटे प्रत्यक्ष सामना, चारास चार, दोन मैदानांवर. प्रत्येक संघाला दोन छोटे गोल राखायचे आणि दोन मारायचे. दोन कोनांतले अंतर म्हणजे गोल. एका बाजूला गर्दी झाली की दुसरा गोल मोकळा असतो. तो पाहायचा तर मान वळवावी लागते आणि चेंडू एका बाजूकडून दुसरीकडे फिरवावा लागतो. ताबा कशासाठी राखायचा, याचे उत्तर या वीस मिनिटांत मिळते.

प्रशिक्षकाच्या हातात चार कळा असतात : जागा, खेळाडूंची संख्या, गोलांची मांडणी आणि नियम. यातली एका वेळी एकच फिरवावी. सगळ्या एकदम फिरवल्या तर नेमके कशाने काय बदलले, हे मुलांनाही कळत नाही आणि प्रशिक्षकालाही.

कोणते नियम उलटे काम करतात?

‘दोनच टच’ हा सर्वात लाडका नियम. त्याने खेळ वेगवान होतो, हे खरे. पण तो कायम लावला तर समोर मोकळी जागा दिसत असूनही मूल चेंडू घेऊन धावत नाही, कारण नियमच त्याला अडवतो. पास आणि ड्रिबल यांतली निवड हाच तर शिकण्याचा गाभा. ती निवड नियमाने काढून घेतली की रांगेतल्या सरावासारखेच होते. निर्णय पुन्हा प्रशिक्षकाचा. हा नियम पाच मिनिटे लावून काढून टाकणे चांगले.

‘पाच पास झाले की एक गोल’ हा दुसरा. सुरुवातीला उपयोगी, पण मुले हुशार असतात. ती दोघांतच आडवे पास करून आकडा भरतात. त्यापेक्षा पास झाल्यावर पुढच्या रेषेपलीकडे धावत गेलेल्या साथीदाराला चेंडू मिळाला तर गुण, असा नियम ठेवला तर पासला दिशा मिळते.

‘सगळ्यांनी चेंडूला शिवल्याशिवाय गोल नाही’ हा नियम चांगल्या हेतूने लावला जातो. प्रत्यक्षात जे मूल कमी खेळते, त्याच्यावर सगळ्यांची नजर रोखली जाते आणि ते आणखी आक्रसते. त्याला तीनास तीनच्या गटात टाकले, तर नियमाविनाच चेंडू त्याच्याकडे येतो.

प्रशिक्षकाने बोलायचे कधी?

‘‘अरे, दे ना! उजवीकडे दे! मागे बघ! मार, मार!’’ सीमारेषेवरून येणारे हे आवाज कोणत्याही बालस्पर्धेत ऐकू येतात. प्रशिक्षकाचे आणि पालकांचे एकाच वेळी, अनेकदा परस्परविरोधी. खेळणारे मूल मग मैदानाकडे न बघता सीमारेषेकडे बघायला लागते. ज्याला प्रत्येक पास बाहेरून सांगितला जातो, त्याला तो स्वतः शोधण्याची गरजच उरत नाही.

याला पर्याय आहे तो प्रश्नाचा, आणि तोही खेळ थांबल्यावर. ‘‘चेंडू यायच्या आधी तू काय पाहिलंस?’’ असे विचारले की बहुधा उत्तर येते, ‘‘सर, कोणी मोकळंच नव्हतं.’’ मग पुढचा प्रश्न त्या मुलाला न विचारता इतरांना विचारायचा : ‘‘मोकळं कोण होऊ शकलं असतं?’’ दोन-तीन हात वर होतात. चुकलेल्या पासची जबाबदारी चेंडूवाल्या एकट्याची नसते, हे तिथे सगळ्यांना कळते. एवढे झाले की अर्ध्या मिनिटात खेळ पुन्हा सुरू. दर मिनिटाला शिट्टी वाजवून व्याख्यान दिले तर छोट्या खेळाचा फायदाच संपतो.

चुकीबद्दलचे धोरणही आधी ठरवावे लागते. बचावातून पास देताना चेंडू गेला आणि गोल झाला, की त्या मुलावर ओरडायचे असेल, तर ते पुढच्या वेळी चेंडू लांब मारणारच. फुटबॉलचे नियम मात्र उलट्या दिशेने निघाले आहेत. साथीदाराने पायाने मुद्दाम दिलेला चेंडू हाताने उचलायला गोलरक्षकाला १९९२ पासून बंदी झाली. गोलकिकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर गेलाच पाहिजे ही अटही २०१९ मध्ये गेली. आजच्या खेळात गोलरक्षकालाही पास करता यावा लागतो. चेंडू फक्त दूर उडवायला शिकलेला बचावपटू पुढच्या पायरीवर अडतो.

ताबा राखला की सामना जिंकला का?

नाही, आणि हे मुलांना सांगायलाच हवे. २०१८ च्या विश्वचषकात उपउपांत्यपूर्व फेरीत स्पेनने रशियाविरुद्ध एक हजाराहून अधिक पास केले, सामना १-१ बरोबरीत राहिला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये स्पेन बाहेर पडला. २०२२ मध्ये मोरोक्कोविरुद्ध जवळपास तीच कथा पुन्हा घडली. उलट लेस्टर सिटीने २०१५-१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकली ती चेंडूचा ताबा बहुतेकदा प्रतिस्पर्ध्याकडे देऊन, वेगवान प्रतिहल्ल्यांच्या जोरावर.

तेव्हा ताबा हे साधन आहे. ध्येय गोल करणे आणि गोल होऊ न देणे हेच. म्हणूनच केवळ रोंडोवर थांबलेला सराव अपुरा ठरतो आणि सरावाचा शेवट गोल असलेल्या खेळानेच व्हायला हवा. पण बारा वर्षांच्या मुलाला ताबा शिकवण्याचे कारण वेगळेच आहे. प्रतिहल्ल्यावर खेळणाऱ्या संघालाही चेंडू मिळाल्यावर पहिला पास अचूक द्यावाच लागतो. ज्याला दबावाखाली चेंडू सांभाळता येतो, तो पुढे कोणत्याही पद्धतीत खेळू शकतो. ज्याला येत नाही, त्याला एकच पद्धत उरते.

आक्षेप कोणते, आणि त्यात तथ्य किती?

पहिला आक्षेप असा, की छोट्या मैदानावर वाढलेल्या मुलांना मोठ्या मैदानाचे भान येत नाही. लांब पास, हेडर आणि बाजू बदलणे राहून जाते. यात तथ्य आहे. म्हणूनच सर्वत्र पाच, सात, नऊ, अकरा अशा पायऱ्या ठेवल्या आहेत. तेरा-चौदाव्या वर्षानंतर मोठे मैदान हवेच. प्रश्न फक्त क्रमाचा आहे.

दुसरा आक्षेप, की पासवर भर दिला तर एकट्याने चकवत जाणारे खेळाडू घडत नाहीत. नियम चुकीचे लावले तर हे खरे ठरते. पण पेले, झिको आणि रोनाल्डिन्हो हे ब्राझीलचे तिघेही लहानपणी फुटसाल खेळले. हा पाचास पाचचाच खेळ. कमी उसळणारा जड चेंडू आणि बास्केटबॉलसारखे आखीव कोर्ट. छोटी जागा चकवणाऱ्यालाही घडवते.

तिसरा आक्षेप जर्मनीतही घेतला गेला : लहान गटांत गुणतालिका काढून टाकली तर मुले जिंकायला कशी शिकणार? तेथील उत्तर लक्षात घेण्यासारखे आहे. एका वेळी अनेक छोटी मैदाने मांडली जातात. जिंकलेला संघ एक मैदान वर सरकतो, हरलेला एक खाली. प्रत्येक छोटा सामना जिंकायचाच असतो. फक्त हंगामभर तळाशी राहण्याचा शिक्का कोणावर बसत नाही, आणि थोड्याच वेळात प्रत्येकाला आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी मिळतो.

महाराष्ट्रात नेमके अडते कुठे?

आवड कमी पडत नाही. कोल्हापुरात पेठापेठांतील तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हा गर्दी आवरत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावे तिथे घराघरांत घेतली जातात. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघातून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. मुंबई, ठाणे, पुण्यात टर्फ उभी राहिली आहेत आणि रात्री उशिरापर्यंत ती भरलेली असतात. गोव्यात तर भातकापणीनंतरची शेतेही मैदाने होतात.

अडते ते तीन ठिकाणी. एक, स्पर्धांची रचना. शालेय क्रीडा स्पर्धांत सर्वात लहान गट चौदा वर्षांखालील. त्यामुळे दहा-अकरा वर्षांच्या मुलांनाही थेट मोठ्या मैदानाच्या हिशेबाने तयार केले जाते. संघात उंच आणि दांडगी मुले आधी घेतली जातात, कारण मोठ्या मैदानावर लांब मारलेल्या चेंडूमागे तीच आधी पोहोचतात. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ‘गोल्डन बेबी लीग’मध्ये लहान वयासाठी छोट्या संघांचे सामने होते. तीच पद्धत शाळांच्या तालुका आणि जिल्हा पातळीवर यायला हवी.

दोन, निकालाची घाई. वर्ग चालवणाऱ्याला चषक दाखवावा लागतो, शाळेला फलक लावायचा असतो, पालकांना फीचा मोबदला दिसायला हवा असतो. पास शिकणारा संघ पहिले काही महिने हरतोच. तेवढा धीर धरला गेला नाही, की प्रशिक्षकही नाइलाजाने ‘लांब मार’ म्हणू लागतो.

तीन, जागेची सबब. मैदाने कमी आहेत आणि जी आहेत त्यांवर क्रिकेटचा हक्क आधी, हे वास्तव कोणी नाकारत नाही. पण छोट्या खेळाला मोठे मैदान लागतच नाही. शाळेच्या पटांगणातले बास्केटबॉल कोर्ट २८ बाय १५ मीटरचे असते. त्यावर चारास चारचा सामना होतो किंवा तीनास एकचे चार चौकोन आरामात बसतात. जमीन कठीण असेल तर फुटसालचा चेंडू घ्यावा आणि घसरून चेंडू काढण्यास मनाई करावी. उलट, मैदान नाही म्हणून ज्या शाळेत फुटबॉल बंद आहे, तिथेच या पद्धतीचा उपयोग सर्वाधिक आहे.

टर्फ हे मात्र आपोआप आलेले उत्तर नव्हे. तिथे पाचास पाच किंवा सातास सात खेळले जाते, पण शिकवले जातेच असे नाही. छोटे मैदान ही संधी आहे. चौकट, संख्या आणि नियम विचाराने मांडणारा प्रशिक्षक नसेल तर तिथेही दोन दांडगी मुले चेंडू आपसांत फिरवतात आणि बाकीची जाळीला टेकून राहतात.

पालकांनी काय पाहावे?

पणाला लागले आहे ते फक्त भावी राष्ट्रीय संघाचे यश नव्हे. वर्गाला जाणाऱ्या शंभर मुलांतली बहुतेक सगळी पुढे व्यावसायिक फुटबॉल खेळणार नाहीत. पण दहाव्या वर्षी रांगेत आणि घोळक्याबाहेर उभे राहून कंटाळलेले मूल बाराव्या वर्षी खेळच सोडून देते. त्यात अंगाने लहान, लाजरी, उशिरा वाढणारी मुले आधी गळतात. मुली तर फारच लवकर. त्यांच्यापैकी कोण पुढे उत्तम खेळले असते, हे कधीच कळत नाही.

म्हणून मुलाला वर्गात घालताना चषकांचे कपाट पाहण्यापेक्षा एक सोपी चाचणी करता येईल. सीमारेषेवर उभे राहून, घड्याळ लावून, दहा मिनिटे एकाच मुलाकडे बघावे. ते संघातले सर्वात चपळ मूल नसावे; सर्वात शांत असावे. त्याने चेंडूला किती वेळा स्पर्श केला आणि त्यातल्या किती वेळा काय करायचे ते त्याचे त्यानेच ठरवले, एवढेच मोजावे. आकडा तीन-चारच्या पुढे जात नसेल, तर तो वर्ग मुलाला पळवतो आहे, फुटबॉल शिकवत नाही.